टेंपोरल लोब अपस्मार आणि सावधता : मेंदू-प्रतिमांकनाच्या संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना

'अपस्मार' या शब्दातच त्या विकाराचे एक निदान दडलेले आहे. 'अप' म्हणजे दूर जाणे आणि 'स्मार' म्हणजे स्मरण. चरकसंहितेत निदानस्थानाच्या आठव्या आणि चिकित्सास्थानाच्या दहाव्या अध्यायात या विकाराचे विवेचन आले आहे. त्याला मिळालेले हे नाव शरीराच्या झटक्यांवरून पडलेले नसून स्मरणाच्या लोपावरून पडलेले आहे, ही बाब लक्षणीय आहे. व्यवहारातील मराठीत मात्र 'फिट येणे', 'आकडी येणे' असे शब्दप्रयोग रूढ झाले. त्यांमुळे हातपाय झाडणे, तोंडाला फेस येणे, जमिनीवर कोसळणे एवढेच विकाराचे रूप लोकमानसात ठसले.

टेंपोरल लोब, म्हणजे कानशिलामागचा मेंदूचा खंड, हे ज्या अपस्माराचे उगमस्थान असते त्यात बहुधा यांपैकी काहीच घडत नाही. रुग्ण बोलता बोलता थांबतो, त्याची नजर एका जागी खिळते, तो ओठ चाटतो किंवा चघळल्यासारखे करतो, हाताने कपड्यांशी चाळा करीत राहतो. मिनिट-दोन मिनिटांनी तो हळूहळू भानावर येतो आणि मधल्या काळाविषयी काहीही सांगू शकत नाही. डोळे उघडे असतात, तरी समोरच्याच्या हाकेला ओ मिळत नाही.

या लक्षणांतून एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. झटक्याचा उगम एका बाजूच्या हिप्पोकॅम्पससारख्या लहानशा भागात असताना सगळे भान का हरपावे? भान त्या भागात वसते, असे उत्तर देता येत नाही. कारण शस्त्रक्रियेने एका बाजूच्या टेंपोरल खंडाचा पुढील भाग काढून टाकला तरी मनुष्य जागा आणि शुद्धीवर राहतो. जो भाग नसतानाही शुद्ध टिकते, तोच भाग बिघडला असता शुद्ध जाते, हे या विकाराचे कोडे आहे. गेल्या दोन-अडीच दशकांत मेंदूच्या प्रतिमांकनाच्या साहाय्याने या कोड्याचे उत्तर शोधण्याचे लक्षणीय प्रयत्न झाले. त्यांची उपलब्धी कोणती, त्यांचे दावे कोठपर्यंत ग्राह्य आहेत आणि त्यांतील संकल्पनात्मक उणिवा कोणत्या, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

या प्रश्नाचा आधुनिक विचार ब्रिटिश मज्जातंतुतज्ज्ञ जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन (१८३५–१९११) यांच्यापासून सुरू होतो. १८८८ मध्ये त्यांनी 'झेड' या अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या एका रुग्णाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. हा रुग्ण स्वतः डॉक्टर होता. एका आजाऱ्याची छाती तपासत असताना त्याला झटका आला. भानावर आल्यावर त्याला कळले की मधल्या काळात त्याने तपासणी पूर्ण केली होती, न्यूमोनियाचे निदान लिहिले होते आणि आजाऱ्याला अंथरुणात पडून राहण्याचा सल्लाही दिला होता. त्याला यातील काहीच आठवत नव्हते. कुतूहलापोटी त्याने पुन्हा तपासणी केली, तेव्हा ते निदान बरोबर निघाले. या डॉक्टरच्या मृत्यूनंतर झालेल्या शवविच्छेदनात डाव्या टेंपोरल खंडाच्या आतील बाजूस एक लहानसा विकृत भाग आढळला. जॅक्सन आणि कोलमन यांनी ही नोंद १८९८ मध्ये प्रसिद्ध केली. या डॉक्टरला झटक्याच्या काळात 'बेशुद्ध' म्हणावे की 'शुद्धीवर, पण स्मरणहीन' म्हणावे, हा प्रश्न तेव्हाही सुटला नव्हता. पुढील सर्व संशोधनाची कसोटी म्हणून हे उदाहरण ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

१९२९ मध्ये हान्स बेर्गर यांनी मानवी मेंदूचा विद्युत आलेख प्रसिद्ध केला. १९४९ मध्ये मोरुझी आणि मॅगून यांनी मस्तिष्कस्तंभातील जालरचनेला उत्तेजन दिल्यास बाह्यकाचा संथ विद्युत आलेख जागेपणीच्या आलेखासारखा होतो, हे प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. जाग ही मेंदूच्या खालच्या भागातून वर पाठविली जाते, ही कल्पना येथून रुजली. माँट्रियल येथील वाइल्डर पेनफिल्ड आणि हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५४ च्या आपल्या ग्रंथात भानाच्या यंत्रणेचे केंद्र मेंदूच्या मध्यवर्ती, खोल भागात असल्याचे प्रतिपादन केले.

त्याच माँट्रियलच्या परंपरेतील पिएर ग्लूर यांनी १९८६ मध्ये या संपूर्ण विचारव्यूहावर आक्षेप घेतला. झटक्याच्या काळात रुग्ण प्रतिसाद देत नाही याची कारणे अनेक असू शकतात : त्याची भाषा गेलेली असेल, स्मरण नोंदले जात नसेल, लक्ष विचलित झाले असेल किंवा हालचाल करणे त्याला अशक्य झाले असेल. या सर्वांना 'शुद्ध हरपली' या एकाच कप्प्यात टाकल्याने काहीही उलगडत नाही, असे त्यांच्या विवेचनाचे सार होते. हा आक्षेप प्रतिमांकनपूर्व काळातील असला तरी त्याची धार अद्याप कमी झालेली नाही.

जाळ्याच्या दमनाचा सिद्धान्त

एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील येल विद्यापीठात हॅल ब्लूमेनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाला नव्याने हात घातला. त्यांचे प्रारंभीचे साधन स्पेक्ट हे होते. झटका सुरू होताच किरणोत्सारी द्रव्य शिरेतून टोचायचे, ते मेंदूत जेथे रक्तप्रवाह अधिक तेथे अधिक साठते. नंतर झटका नसतानाच्या प्रतिमेशी तुलना करून फरक काढायचा, अशी ही पद्धत आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या झटक्यांत भान हरपले होते त्यांत टेंपोरल खंडाबरोबरच मस्तिष्कस्तंभाचा वरचा भाग आणि थॅलॅमसचा मध्यभाग येथील रक्तप्रवाह वाढलेला दिसला. त्याच वेळी कपाळामागील आणि पार्श्विक बाह्यकातील रक्तप्रवाह घटलेला आढळला. ज्या झटक्यांत भान टिकून होते त्यांत असे व्यापक बदल दिसले नाहीत.

२०१० मध्ये डारिओ एंग्लॉट आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या आत बसविलेल्या इलेक्ट्रोडच्या साहाय्याने २६ रुग्णांच्या ६३ झटक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भान हरपलेल्या झटक्यांत दूरच्या बाह्यकावर दिसलेले विद्युत तरंग झटक्याचे वेगवान तरंग नव्हते. ते गाढ झोपेत दिसणाऱ्या संथ तरंगांशी साम्य दाखविणारे होते. याचा अर्थ असा लावण्यात आला की झटका बाह्यकापर्यंत पोहोचत नाही; तो खोल भागातील जाग राखणाऱ्या केंद्रांना दाबून टाकतो आणि त्यामुळे बाह्यक झोपेसारख्या अवस्थेत जाते. 'जाळ्याच्या दमनाचा सिद्धान्त' तो हाच.

उंदरांवरील प्रयोगांनी या सिद्धान्ताला पुष्टी दिली. फॉर्निक्स हा मज्जातंतूंचा जुडगा कापल्यावर हिप्पोकॅम्पसमधील झटका कायम राहूनही बाह्यकातील संथ तरंग थांबले, हे २००९ मध्ये दाखविण्यात आले. झटक्याच्या काळात जाग राखणाऱ्या अॅसिटिलकोलिन या रसायनाचा बाह्यकाला होणारा पुरवठा कमी होतो, हे २०१५ मध्ये मोटलो आणि सहकाऱ्यांनी मांडले. प्रतिमा, विद्युत आलेख आणि रसायन असे तीन स्वतंत्र पुरावे एका दिशेने निर्देश करतात, हे या संशोधनाचे सर्वांत मोठे बळ होय. केवळ रंगीत चित्रावर विसंबून सिद्धान्त उभारल्याचा आरोप त्यावर करता येणार नाही.

तथापि या पुराव्यांत एक अंतर्गत ताण आहे. सिद्धान्त सांगतो की जाग राखणारी केंद्रे दाबली जातात. मानवी स्पेक्ट प्रतिमा मात्र मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागात आणि थॅलॅमसच्या मध्यभागी रक्तप्रवाह वाढल्याचे दाखवितात. याचे समर्थन असे करता येते की दमन करणाऱ्या पेशीही काम करताना रक्त ओढतात आणि एवढ्याशा जागेत चेतलेल्या व दबलेल्या पेशी शेजारी शेजारी असतात. हे समर्थन तर्कसंगत आहे. परंतु ते स्वीकारताना हेही स्वीकारावे लागते की रक्तप्रवाहाची प्रतिमा चेतना आणि दमन यांत भेद करू शकत नाही. तसे असेल तर बाह्यकातील घट ही दमनाचा पुरावा आणि थॅलॅमसमधील वाढ हीही दमनाचाच पुरावा, असे दोन्ही बाजूंनी वाचन शक्य होते. म्हणजे या सिद्धान्ताचा खरा भार प्रतिमांवर नसून विद्युत आलेख आणि प्राण्यांवरील प्रयोग यांवर आहे. प्राण्यांवरील अनेक प्रयोग हलक्या भुलीत झाले असल्याने, जाग मावळण्याचा अभ्यास आधीच अर्धवट मावळलेल्या जागेवर झाला, ही मर्यादाही नोंदविणे आवश्यक ठरते.

मार्सेय येथील पर्यायी मांडणी

फ्रान्समधील मार्सेय येथे फाब्रिस बार्तोलोमेई यांच्या गटाने याच प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले. आर्थुई आणि सहकाऱ्यांच्या २००९ मधील अभ्यासात, भान हरपलेल्या झटक्यांत थॅलॅमस आणि पार्श्विक बाह्यक यांच्यातील विद्युत तरंगांचा परस्परमेळ प्रमाणाबाहेर वाढलेला आढळला. मेळ जितका अधिक तितके भान कमी, असे हे नाते होते. २०११ मध्ये बार्तोलोमेई आणि लिओनेल नाकाश यांनी त्याची सांगड 'जागतिक कार्यक्षेत्र' या भानविषयक सिद्धान्ताशी घातली. या मांडणीनुसार मेंदूच्या दूरदूरच्या भागांत माहितीची देवाणघेवाण चालू असणे म्हणजे भान होय. सर्वच भाग एका सुरात बोलू लागले की देवाणघेवाण उरत नाही. सभेत सगळे एकाच वेळी एकच वाक्य घोकू लागले तर संवाद थांबतो, तसाच हा प्रकार आहे.

येल आणि मार्सेय यांच्या मांडण्या वरवर पाहता परस्परविरोधी वाटतात : एकीच्या मते बाह्यक निजते, दुसरीच्या मते ते अतिरेकी मेळात अडकते. सूक्ष्म विचार केल्यास हा विरोध तितका तीव्र राहत नाही. गाढ झोपेतील संथ तरंग हेही विस्तृत प्रदेशात एकसमयी उठणारे तरंगच असतात. त्यामुळे दमनातून आलेली संथता मोजमापात 'वाढलेला मेळ' म्हणून उमटू शकते. महत्त्वाचा फरक दुसऱ्याच ठिकाणी आहे. येलच्या अभ्यासात चित्रफितीवरून रुग्णाचा प्रतिसाद पाहण्यावर भर होता. मार्सेयच्या गटाने प्रतिसाद, नजर, झटक्याची जाणीव, नंतरची आठवण अशा अनेक निकषांची मोजपट्टी वापरली. दोन्ही गट 'भान' हा एकच शब्द वापरीत असले तरी मोजत होते ते अगदी एकच नव्हते.

झटक्यांच्या मधल्या काळातील सावधता

या संशोधनाचा दुसरा टप्पा अधिक धाडसी आहे. एंग्लॉट यांच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातील गटाने, झटका नसतानाही टेंपोरल लोब अपस्माराच्या रुग्णांत जाग राखणाऱ्या मस्तिष्कस्तंभीय केंद्रांचे बाह्यकाशी असलेले कार्यात्मक संधान निरोगी व्यक्तींच्या तुलनेत क्षीण असते, असे २०१७ पासूनच्या अभ्यासांत मांडले. त्याचा संबंध लक्ष, नियोजन आणि शाब्दिक बुद्धिमत्ता यांतील उणिवांशी असल्याचेही नोंदविले गेले. शस्त्रक्रिया यशस्वी झालेल्या रुग्णांत हे संधान काही अंशी पूर्ववत होते, असेही पुढे दिसून आले. हे खरे असेल तर अपस्मार हा मधूनमधून येणारा प्रसंग न राहता रोजच्या सावधतेला हळूहळू पोखरणारा विकार ठरतो.

येथे कार्यदर्शी एम.आर.आय. या साधनाच्या मर्यादांचा विचार अपरिहार्य होतो. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी मांडलेल्या तत्त्वावर हे तंत्र उभे आहे. ते पेशींचे कार्य मोजत नाही. कार्यामागोमाग काही सेकंदांनी रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणात होणारा बदल मोजते. मस्तिष्कस्तंभातील केंद्रे अतिशय लहान आहेत आणि त्यांच्या शेजारी रक्तवाहिन्यांची स्पंदने व श्वासोच्छ्वासाची हालचाल सतत चालू असते. त्यामुळे तेथील संकेतात गोंगाटाचा वाटा मोठा असतो.

त्याहून गंभीर आक्षेप जागेपणाचाच आहे. तालियाझुक्की आणि लाउफ्स यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की 'विश्रांत अवस्थेत' यंत्रात पडून राहिलेल्या व्यक्तींपैकी सुमारे एकतृतीयांश पहिल्या तीन मिनिटांतच पूर्ण जागेपण गमावतात. निरोगी माणसांची ही स्थिती असेल, तर निद्रानाश सोसणाऱ्या आणि गुंगी आणणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांविषयी काय म्हणावे? जाग राखणाऱ्या केंद्रांचे संधान क्षीण दिसले ते विकारामुळे, औषधांमुळे, की त्या अर्ध्या तासात रुग्णाला डुलकी लागल्यामुळे, हे केवळ प्रतिमेवरून सांगता येत नाही. सावधतेचा अभ्यास करताना त्या क्षणीची सावधता स्वतंत्रपणे न मोजणे म्हणजे तापमापक न लावता तापाचे निदान करण्यासारखे आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या सुधारणेचा पुरावा या आक्षेपाला काही प्रमाणात उत्तर देतो. परंतु झटके थांबल्यावर झोप सुधारते आणि औषधेही काही वेळा कमी केली जातात, हे लक्षात घेता तो निर्णायक ठरत नाही. प्रतिमांकनाबरोबरच विद्युत आलेख घेणे आणि डोळ्यांच्या बाहुलीवर लक्ष ठेवणे हा यावरील उपाय होय. या दिशेने झालेले अभ्यासच पुढील काळात विश्वासार्ह मानले जावेत.

संकल्पनांची गफलत

या सर्व चर्चेच्या मुळाशी भाषेचा प्रश्न आहे. मराठीत 'जाग', 'शुद्ध', 'भान', 'सावधता' आणि 'आठवण' हे वेगवेगळे शब्द आहेत आणि बोलणारा ते सहसा एकमेकांच्या जागी वापरीत नाही. जागा असलेला मनुष्य बेभान असू शकतो. भानावर असलेला बेसावध असू शकतो. सावधपणे केलेली कृती नंतर मुळीच न आठवणे शक्य आहे. जॅक्सन यांचा डॉक्टर रुग्ण जागा होता, कुशल कृती करीत होता. त्याची आठवण मात्र उमटली नाही. दमनाच्या सिद्धान्ताला हे उदाहरण सहज पचत नाही, कारण झोपेसारख्या अवस्थेतील बाह्यक न्यूमोनियाचे अचूक निदान करू शकणार नाही. त्याच्यासारख्या झटक्यांत केवळ स्मरणाची यंत्रणा बिघडली असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. म्हणजेच 'भान हरपलेले झटके' हा एकजिनसी गट नाही. तो एकजिनसी मानून काढलेली सरासरी प्रतिमा कोणत्याच एका रुग्णाची नसते.

आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही ही अस्थिरता दिसते. १९८१ च्या वर्गीकरणात शुद्ध हरपणे या निकषावर 'साधे' आणि 'जटिल' आंशिक झटके असा भेद होता. २०१७ मध्ये त्याची जागा स्वतःची व परिसराची जाणीव या निकषाने घेतली. २०२५ च्या सुधारणेत पुन्हा 'भान' ही संकल्पना स्वीकारून जाणीव आणि प्रतिसाद ही तिची दोन व्यावहारिक अंगे मानण्यात आली. ही दोन अंगे वेगवेगळी तपासण्याची शिस्त प्रतिमांकनानेही अंगीकारली पाहिजे.

व्यावहारिक परिणाम

ही चिकित्सा केवळ तात्त्विक नाही. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांपैकी अनेकांचे सामाजिक स्थान 'शुद्ध' या एका शब्दावर टांगलेले असते. भारतात वाहन परवान्याच्या अर्जातील शारीरिक पात्रतेच्या घोषणेत अपस्माराविषयी किंवा अकस्मात शुद्ध हरपण्याविषयी विचारणा केलेली असते. विवाहविषयक कायद्यांतील अपस्माराचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आला. तोपर्यंत हा विकार विवाहाच्या वैधतेच्या आड येत होता. अशा समाजात 'झटका नसतानाही या रुग्णांची सावधता मंदावलेली असते' हे विधान गटाच्या सरासरीवरून उचलून व्यक्तीच्या माथी मारले गेले, तर जुन्या कलंकाला नव्या यंत्राचे प्रमाणपत्र मिळेल. गटांतील फरक हा व्यक्तीविषयीचा निर्णय नव्हे, हे संशोधकांनी आपल्या निष्कर्षांतच स्पष्ट करणे अगत्याचे आहे.

याची दुसरी बाजू आशादायक आहे. कॅनडातील लंडन येथे झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एका वर्षानंतर भान हरपविणाऱ्या झटक्यांपासून मुक्त राहिलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के, तर केवळ औषधांच्या गटात ८ टक्के होते. ज्यांना शस्त्रक्रियेचा लाभ होत नाही किंवा ती करता येत नाही, त्यांच्यासाठी थॅलॅमसला विद्युत उत्तेजन देऊन झटक्याच्या काळातही सावधता टिकविण्याची कल्पना दमनाच्या सिद्धान्तातूनच पुढे आली. उंदरांत तिला यश मिळाल्यावर मानवी रुग्णांवर प्राथमिक चाचणीही हाती घेण्यात आली. झटका थांबविता आला नाही तरी भान राखता आले, तर स्वयंपाकघरातील विस्तव, रेल्वेचा फलाट किंवा रस्ता ओलांडणे यांतील धोका कमी होईल. सिद्धान्ताची खरी परीक्षा येथेच आहे; कारण उत्तेजनाने भान परत आले तर कार्यकारणभाव सिद्ध होण्यास मोठा आधार मिळेल, आणि न आल्यास सिद्धान्ताची पुनर्मांडणी करावी लागेल.

समारोप

टेंपोरल लोब अपस्मारातील सावधतेविषयीच्या प्रतिमांकनाने एक महत्त्वाचे परिवर्तन घडविले आहे. विकार जेथे उगम पावतो तेथेच त्याचे सर्व परिणाम शोधण्याची जुनी दृष्टी मागे पडून दूरच्या भागांतील शांततेकडे लक्ष वेधले गेले, ही त्याची निर्विवाद उपलब्धी होय. परंतु प्रतिमा रक्तप्रवाह दाखविते, भान दाखवीत नाही. भान ठरविण्यासाठी अजूनही रुग्णाला हाक मारावी लागते, वस्तू ओळखायला सांगावी लागते आणि नंतर काय आठवते ते विचारावे लागते. या साध्या कसोट्या जितक्या काटेकोर होतील तितक्याच प्रतिमा अर्थपूर्ण ठरतील. ग्लूर यांनी १९८६ मध्ये मागितलेला हिशेब हाच होता : नेमके काय हरपले, ते आधी सांगावे. त्याचे उत्तर प्रत्येक रुग्णागणिक वेगळे असण्याची शक्यता मान्य करणे, ही या संशोधनाच्या पुढील वाटचालीची पहिली अट ठरते.